वाहतूक बेटांचे रसग्रहण : एक शब्दविचार

इंग्लंडमधील रेडिच हे गाव एके काळी सुयांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध होते. तेथील केव्हिन बेरेसफर्ड यांनी गावच्या वाहतूक बेटांच्या छायाचित्रांची दिनदर्शिका काढली. २००३ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने अशा बेटांच्या रसिकांचा संघ उभा राहिला आणि २००४ मध्ये ग्रेट ब्रिटनमधील बेटांवर त्यांचे पुस्तकही आले. या छंदाची थट्टा पुष्कळ झाली आहे. तथापि त्यामागील दृष्टीची चिकित्सा होणे अधिक अगत्याचे आहे.

ही दृष्टी मध्यभागी खिळलेली आहे. वर्तुळात वृक्ष आहेत की तळे, शिल्प आहे की नुसती हिरवळ, एवढ्यावरच तिचे मूल्यमापन चालते. पण वाहतूक बेटाचे मर्म त्याच्या नियमात असते. लेचवर्थ येथे १९०९ च्या सुमारास असे वर्तुळ झाले, तरी आत येणाऱ्याने आधीच फिरत असलेल्या वाहनास वाट द्यावी, हा नियम ब्रिटनमध्ये १९६६ साली सार्वत्रिक झाला. तत्पूर्वी गर्दी वाढली की वर्तुळेच्या वर्तुळे अडकून पडत. स्विंडन येथे १९७२ साली एका वर्तुळाभोवती पाच लहान वर्तुळे योजण्यात आली, ती याच नियमाच्या बळावर. हा नियम छायाचित्रात उतरत नाही. व्याकरणाच्या अभ्यासकास हे निराळे सांगावयास नको.

मराठीत तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ‘वाहतूक बेट’ हे भाषांतरित पद खरे, परंतु मराठीत बांबूचेही ‘बेट’ असते. त्यामुळे झाडी लावलेल्या वर्तुळास हा शब्द दोन्ही अर्थांनी शोभतो. लोकांच्या तोंडी मात्र ‘चौक’च आहे. संस्कृत ‘चतुष्क’पासून आलेला हा शब्द वाड्यातून रस्त्यावर आला, आज तीन वाटा मिळोत वा पाच, मध्ये वर्तुळ असो वा नसो, तो खुशाल चालतो. आणि चौक म्हटला की नाव आलेच. सोलापुरातील चार हुतात्म्यांचा चौक १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांची स्मृती वाहतो. तेथील हिरवळीचे गुण वर्णन करणारा रसिक नेमके मुख्य ते गमावील.

औद्योगिक वसाहतीत ही नामकरणाची क्रिया अगदी उघडी दिसते. सोलापूर–पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीचेच पाहा. ‘एमआयडीसी’ ही १९६२ साली स्थापन झालेल्या महामंडळाची आद्याक्षरे. पण ‘एमआयडीसीत कामाला आहे’ या प्रयोगात ती विभक्ती घेऊन सामान्यनाम झाली आहेत. नकाशात भूखंडास क्रमांक असतो, वाट सांगणारा मात्र कारखान्याचे नाव घेतो. ही नावे कोणत्याही समितीने दिलेली नसतात, म्हणून ती टिपून घेण्याचे कामही कोणाकडे नसते. रेडिचच्या धर्तीवर येथे सूची केली, तर शोभेची झाडे नोंदली जातील आणि नावे निसटतील.

ती किती चिवट असतात, याचे उदाहरण नाशिकात आहे. मायको या कंपनीचे नाव २००८ साली बदलून बॉश झाले. चौक अद्याप ‘मायको सर्कल’च आहे.