तीन खिळे

आमच्या शिरूरच्या घराला यंदा अकरा वर्षांनी रंग लागला. रंग कोणता द्यायचा, हा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही. माझ्यापर्यंत आला तो फक्त निकाल : "भिंतीला आता तीनच खिळे मारायचे. पुन्हा चाळण करून ठेवायची नाही." आमच्या हिने हे रंगाऱ्याच्या देखत सांगितलं, म्हणजे अपिलाची सोयही राहिली नाही.

तसबिरी होत्या सहा आणि खिळे तीन. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेली असल्यामुळे 'जागा कमी, अर्ज जास्त' हा प्रकार मला नवा नव्हता. मी सहाही तसबिरी पुसून कॉटवर ओळीने मांडल्या आणि मुलाखती घ्यायला बसलो. तुम्ही म्हणाल, तुम्हाला चित्रकलेतलं काय कळतं? ओ की ठो कळत नाही. शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी माझ्या वांग्याखाली 'आंबा बरा आहे' असा शेरा मारला होता. पण जे चित्र चाळीस वर्षं जेवताना समोर असतं, त्याच्याबद्दल माणसाचं काहीतरी मत होतंच. तेवढ्याच अधिकारावर हे लिहितो आहे.

पहिला उमेदवार सर्वांत ज्येष्ठ : रविवर्म्याची लक्ष्मी. ही आजोबांच्या वेळची. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड, त्यामुळे माझं बालपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. दौंड म्हणजे जंक्शन. मनमाडचा फाटा १८७८ पासून तिथून फुटतो. वाफेच्या इंजिनांच्या काळात दोन्ही लाइनींचा धूर आमच्या लक्ष्मीवर बसायचा. लक्ष्मी गोरी असते हे मला बऱ्याच उशिरा, लोकांच्या घरी गेल्यावर कळलं. आमची सावळी होती.

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्र दगडावर काढायचं, एकेका रंगाला निराळा दगड, आणि रंगावर रंग चढवत कागद पुरा करायचा. त्या छापखान्याने एक मोठी गोष्ट केली. ज्यांना देवळाच्या पायरीवरूनच परत फिरवत होते, त्यांच्याही घरात देवी आली, आणि तीही चांगली साडी नेसून, शेजारच्या काकूंसारखी. टीकाकार म्हणतात, या लक्ष्मीच्या चेहऱ्यावर काहीच घडत नाही. खरं आहे, घडत नाही. पण दौंडला महिनाअखेरीला आई तिच्यासमोर उभी राहायची तेव्हा घरात इतकं काही घडत असायचं, की निदान एक चेहरा तरी न हलणारा लागायचा.

दुसरा उमेदवार म्हणजे कॅलेंडरचा बाळकृष्ण, रघुवीर मुळगावकरांचा. तारखांचं वर्ष संपलं, चित्र टाकवेना, म्हणून वडिलांनी खालचा भाग कात्रीने कापून काच लावून घेतली. मुळगावकर रंग फवाऱ्याने देत. त्यामुळे त्यांच्या चित्रात कडा अशी सापडत नाही. गालाची हद्द कुठे संपते आणि लोण्याची कुठे सुरू होते, हे मोजणी खात्यालाही सांगता येणार नाही. पाहताना गोड वाटतं, पण गोडाचं जे होतं तेच याचंही होतं : दुसऱ्या वाटीनंतर नको वाटतं. या कृष्णाने लोणी खाल्लेलं नाही, तो लोण्याचाच केलेला आहे. अर्ज नामंजूर. मात्र हे मी मनातल्या मनात म्हटलं, कारण ही स्वयंपाकघरातून बघत होती.

तिसरं चित्र आम्ही म्हैसूरच्या सहलीतून आणलं. हातात समई धरलेली बाई, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि सगळा उजेड तिच्या तोंडावर. दुकानदाराने 'रविवर्मा, रविवर्मा' म्हणून गळ्यात मारलं. मीही वीस वर्षं पाहुण्यांना तेच सांगत होतो. पुढे कळलं, की चित्र आमच्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, आणि ते १९४५ च्या सुमाराचं. रविवर्मा तर १९०६ सालीच गेले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि समई धरून उभी आहे ती हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. त्या पुढे कोल्हापूरला राहिल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या.

आता यातली खरी गंमत ऐका. हे चित्र जलरंगातलं आहे. तैलरंगात चुकलं तर वर दुसरा रंग थापता येतो. जलरंगात पांढरा कागद हाच उजेड. तो राखायचा असतो, आणि एकदा झाकला की गेला. म्हणजे त्या बोटांमधून जो तांबूस उजेड गळतो आहे, तो चित्रकाराने काढलेला नाही, तो त्याने न झाकता ठेवला आहे. समोर मुलगी ज्योत राखते आहे आणि इकडे बाप कागद राखतो आहे. लोक तिचा चेहरा बघतात. मी हात बघतो. दौंडला वीज गेली की आई अशीच चिमणी घेऊन पडवीतून यायची, आणि चिमणीपेक्षा आम्हाला तिची बोटंच आधी दिसायची, लाल लाल. एक खिळा पक्का.

चौथा उमेदवार मासिकातून कापलेला. गांधीजी आणि चरखा. हा फोटो मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंनी १९४६ साली काढला, आणि तोही लांब कुठे नाही, आपल्या पुण्यात. फोटो काढण्याआधी त्यांना चरखा चालवायला शिकावं लागलं. त्याशिवाय आत सोडायची तयारी नव्हती. फ्लॅशचे दिवेही तीनच मिळाले, त्यातले दोन वाया गेले आणि तिसऱ्याने काम केलं. (तीन या आकड्याशी माझी जवळीक तेव्हापासूनची.)

हा फोटो आठवून सांगा, असं मी बऱ्याच जणांना म्हटलं. सगळे म्हणतात, गांधीजी सूत कातताहेत. नीट बघा. ते कातत नाहीत, वाचताहेत. चरखा पुढे आहे, माणसापेक्षा मोठा दिसतो आहे, आणि माणूस मागे खाली मान घालून आपलं कागदपत्र बघतो आहे. ज्याचा फोटो काढायचा त्याला मागे बसवून त्याच्या कामाला पुढे बसवायचं, ही अक्कल चरखा शिकल्यावर आली की आधीच होती, देव जाणे. आमच्याकडे सत्काराच्या फोटोत हार पुढे, पाहुणे पुढे, आणि ज्याने काम केलं तो खांबामागे, हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की या फोटोपुढे मला नेहमी थोडं बरं वाटतं. दुसरा खिळा पक्का.

पाचवा उमेदवार वशिल्याचा. माझ्या पुतण्याने भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचा फोटो काढला, तीन फुटी फ्रेम करून न्हावऱ्याच्या रस्त्याने स्वतः आणून पोचवला. "काका, पीस न् पीस मोजून घ्या!" मी मोजायला बसलो नाही, पण मोजता आली असती हे कबूल. उजनी धरणाचं पाणी आरशासारखं, आकाश गुलाबी, पक्षीही गुलाबी. चूक काढायला जागा नाही, आणि तेच मला खुपतं. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. त्या पाण्याखाली गावं आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. फोटोत यातलं काहीच नाही. मी तसं म्हटलं, तर पुतण्या म्हणाला, "काका, पक्ष्यांना काय माहीत खाली काय आहे?" मला उत्तर सुचलं नाही. पक्ष्यांचं सोडा, पण फोटो काढणाऱ्याला माहीत असावं, असं मला रात्री अकरा वाजता सुचलं. तेव्हा तो दौंडला पोचून झोपलाही होता.

राहिला सहावा. आईचा फोटो.

आई १९८१ साली गेली. तेराव्याला फोटो हवा, आणि आईचा एकटीचा फोटो घरात निघेना. ट्रंकेत तळाशी एका मावशीच्या लग्नाचा ग्रुप फोटो सापडला, १९५९ चा. तो घेऊन मी एका स्टुडिओत गेलो. त्याने चार दिवसांनी मोठा करून, रंगवून दिला. डोळे टपोरे, कुंकू ठसठशीत, कानात मोत्यांची कुडी. आईने आयुष्यात मोत्याची कुडी घातली नव्हती. "चेहरा हललेला होता हो साहेब, सगळा नवा केला," तो अभिमानाने म्हणाला. नवाच केला होता. त्या बाईंना मी चाळीस वर्षं रोज उदबत्ती लावली, दसऱ्याला हार घातला, आणि एकदाही त्यांची ओळख पटली नाही. पण हे कुणाला सांगणार? आईच्या फोटोवर टीका कशी करायची? रविवर्म्याला, मुळगावकरांना नावं ठेवणारा मी इथे येऊन मुका.

म्हणून तिसरा खिळा याचाच, असं मी ठरवून टाकलं आणि हिला हाक मारली. ही आली, ओले हात पदराला पुसत सहाही तसबिरींवर नजर फिरवली आणि म्हणाली, "लक्ष्मी देवघरात जाईल, तिला खिळा लागत नाही. कृष्ण माझ्या स्वयंपाकघरात. पक्षी वरच्या खोलीत. आणि अहो, या बाई कोण?"

"आई."

"ह्या? मी सासूबाईंच्या हाताखाली सहा वर्षं काढलीत. ह्या नव्हेत त्या. मूळचा फोटो कुठाय?"

ट्रंक पुन्हा उघडली. पिवळा पडलेला ग्रुप, कोपरे वाळवीने खाल्लेले. मागे मांडव, पुढे खुर्च्या, सतरंजीवर पोरंटोरं. फोटोवाल्याने भिंगाची टोपी काढली आणि नेमकी त्याच क्षणी यार्डात गाडीची शिट्टी झाली. वडील त्या गाडीने ड्यूटीवरून परत यायचे होते. सगळं वऱ्हाड समोर बघत राहिलं. आईने तेवढी मान वळवली. म्हणून फोटोत तिचा चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी यार्डाच्या दिशेने गेलेला एक पांढुरका फराटा आहे. पण तिच्या पुढ्यात सहा वर्षांचा मी बसलो आहे, आणि मी चुळबुळ करू नये म्हणून तिने माझ्या डोक्यावर हात दाबून धरला आहे. तो हात एवढासाही हललेला नाही. बोटंसुद्धा मोजता येतात. पाच.

ही बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ह्या त्याच. आमटी ढवळतानाही लक्ष दारात असायचं." आणि रंगाऱ्याला सांगितलं, "तिसरा खिळा जरा मजबूत मारा."

फ्रेम आता लागली आहे. येणारे पाहुणे विचारतात, "यात तुमच्या आई कोणत्या?" मी सांगतो, "जिचा चेहरा दिसत नाही, ती." ते जरा चमकतात आणि नजर वळवून पोह्यांच्या बशीकडे बघतात. कुडीवाल्या बाईंना मी टाकलं नाही. त्या कपाटात आहेत, रुमालात गुंडाळून. इतकी वर्षं मुकाट्याने हार घालून घेतले, त्यांनाही काही पेन्शन नको का?