जुन्या मोटारीची माया

जुन्या मोटारींच्या आठवणी लिहिताना आपले लेखक बहुधा थट्टेवर भागवतात. गाडी बंद पडली, पोरांनी ढकलली, सगळे हसले, संपले! पण ज्या यंत्राने इतके छळले, त्याच्यावर माया का जडावी, हे कोणी सांगत नाही.

१९५८ साली दोन चित्रपट आले. ‘चलती का नाम गाडी’तली खटारा मोटार हसवते, आणि ते काम ती झकास करते. ऋत्विक घटकांच्या बंगाली ‘अजांत्रिक’मधला टॅक्सीवाला बिमल मात्र आपल्या ‘जगद्दल’शी बोलतो; लोक त्याला वेडा म्हणतात. अखेर गाडी भंगारात जाते. मागे उरलेला भोंगा एक मूल वाजवते आणि रडवेला बिमल हसतो.

हे वेड आम्हा कळंब्याच्या पोरांना ठाऊक होते. १९९०नंतरच्या त्या वर्षांत मामांची जुनी मोटार आम्ही तळ्याच्या रस्त्याने ढकलीत असू. प्लग पुसायचा, कार्बुरेटर फुंकायचा; ती फुरफुरली की आमची छाती फुगायची. ज्या वस्तूसाठी हात काळे करावे, तिच्यावर जीव जडतो. घटकांनी हे नेमके ओळखले. आठवणी लिहिणाऱ्यांनी हसावे जरूर. पण तो भोंगाही ऐकावा.