मूळ रूप कोणते? : जुन्या स्कूटरींच्या जीर्णोद्धाराची चिकित्सा

जुनी, झिजलेली वस्तू पुन्हा उभी करण्याच्या कृतीस मराठीत तीन शब्द आहेत : दुरुस्ती, जतन आणि जीर्णोद्धार. पैकी दुरुस्ती ही वस्तू वापरात राहावी म्हणून केली जाते व जतन ती आहे तशी राहावी म्हणून. जीर्णोद्धार मात्र ती 'होती तशी' व्हावी म्हणून केला जातो, निदान तसा दावा असतो. महाराष्ट्रातील जुन्या देवळांच्या बाबतीत हा दावा कितपत टिकतो हे, काळ्या पाषाणाच्या खांबांवर चढलेले ऑइलपेंटचे थर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना निराळे सांगावयास नको. हाच शब्द अलीकडे जुन्या स्कूटरींनाही लावण्यात येऊ लागला आहे. ज्या स्कूटरी जशाच्या तशा घरात पडून राहिल्या त्यांचा प्रश्न तुलनेने सोपा. परंतु ज्या स्कूटरी एके काळी तरुणांनी वेगासाठी, आवाजासाठी अथवा रॅलीसाठी आपल्या हौसेने बदलून घेतल्या त्यांना 'होत्या तशा' करावयाचे म्हणजे नेमक्या कशा करावयाचे? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

भाषा व साहित्य यांना वाहिलेल्या पत्रिकेत यंत्राची चर्चा कशास, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, 'मूळ रूप' ही कल्पना आपल्या विद्याशाखेने जितकी तपासून घेतली आहे तितकी इतरांनी क्वचितच घेतली असेल. आणि त्यासाठी देहूहून अधिक योग्य स्थळ सापडणे कठीण. तुकारामांचा गाथा १८६९ व १८७३ या साली दोन भागांत शासनाच्या आश्रयाने प्रसिद्ध झाला, तेव्हा शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांना देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील पोथ्यांचा मेळ घालावा लागला. पुढे विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वहीवरून गाथा छापला, आणि त्याच्या नावातच 'अस्सल' हे विशेषण घातले. ते विशेषण योग्य होते की नाही हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. एकच ग्रंथ आणि अस्सलपणाचे अनेक दावेदार, ही परिस्थिती या परिसरास नवी नाही, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. जगनाडे चाकणचे. आज चाकण म्हटले की डोळ्यांपुढे वाहनांचे कारखाने येतात. आणि ज्या स्कूटरींविषयी आपण बोलत आहोत त्या जेथे तयार झाल्या ती आकुर्डीही देहूपासून पहाटेच्या पाळीला सायकलवरून गाठता येईल अशा अंतरावर आहे.

कारखान्यातून निघालेली ती 'मूळ' स्कूटर, असे साधारणपणे गृहीत धरले जाते. या गृहीतकाची प्रथम परीक्षा केली पाहिजे. बजाज कंपनीने १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकली. १९५९ साली तिला ती येथेच तयार करण्याचा परवाना मिळाला, व इटलीतील पिआज्जो कंपनीशी झालेल्या कराराने व्हेस्पा १५० येथे बनू लागली. तो करार १९७१ साली संपला. त्यानंतर १९७२ साली आलेली 'चेतक' नावाने राणा प्रतापांच्या घोड्याची झाली, तरी शरीराने व्हेस्पाचीच होती : तोच दाबून घडविलेल्या पत्र्याचा सांगाडा, तेच मागल्या चाकालगत उजव्या बाजूस लटकलेले इंजिन, आणि १४५.४५ घनसेंटिमीटरचा तोच सिलिंडर, ज्याचा व्यास ५७ मिलिमीटर व पिस्टनची धावही ५७ मिलिमीटरच. साताऱ्यास महाराष्ट्र स्कूटर्सने काढलेली 'प्रिया' याच कुळातली. लॅम्ब्रेटाचा वंश निराळा. मिलानच्या इनोसेंटी कंपनीची ती गाडी मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने तयार केली, आणि पुढे इनोसेंटीची यंत्रसामग्रीच लखनौच्या स्कूटर्स इंडियाने विकत आणली. म्हणजे जिला आपण मूळ प्रत समजतो ती स्वतःच एक नक्कल आहे. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती आदर्श प्रत नसून एका शाखेची प्रत आहे.

आता तरुणांनी केलेल्या फेरफारांकडे वळू. यांस इंग्रजीवरून 'ट्यूनिंग' म्हणतात. आपल्याकडील कारागीर 'गाडी बनवून देणे' असा अधिक सूचक प्रयोग करतो. चेतकसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे असा तो काळ होता. एवढ्या प्रतीक्षेनंतर घरात आलेली गाडी ही वडिलांची मिळकत असे, आणि मुलाच्या हाती ती बहुधा झिजल्यावरच येई. तिला नवी करण्याइतका पैसा त्याच्यापाशी नसे. वेगवान करण्यास मात्र एक कानस व ओळखीचा लेथवाला पुरे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी या भागांत लघुउद्योगांची जी दाटी झाली तीत लेथवाल्यांची उणीव नव्हती.

दोन धावांच्या इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, त्यांस पोर्ट म्हणतात, आणि पिस्टनची कड वरखाली होताना त्या उघडतात व मिटतात. म्हणून इंजिनाचा स्वभाव या खिडक्यांच्या उंचीवर ठरतो. धूर बाहेर टाकणाऱ्या पोर्टची वरची कड कानशीने एखादा मिलिमीटर वर नेली की तो लवकर उघडतो. इंजिन संथ गतीत दुबळे होते, परंतु फेरे वाढले की कारखान्याच्या गाडीस मागे टाकते. तेवढ्याने भागत नाही. हेड लेथवर घासून दाब वाढवावा लागतो, कार्ब्युरेटरचा जेट मोठा घालावा लागतो, आणि सायलेन्सरऐवजी फुगीर पोटाची नळी बसविली तरच वरच्या पोर्टचा खरा लाभ मिळतो. पेट्रोलात दोन टक्के तेल पुरत असे तेथे अधिक घालावे लागे. नाहीतर पिस्टन धरे. हे सर्व फेरफार परस्परांवर अवलंबून आहेत. एक केला व दुसरा विसरला, तर गाडी पूर्वीपेक्षाही वाईट चालते. पुणे, नाशिक व मुंबई या भागांत स्कूटर-रॅलींची जी परंपरा निर्माण झाली, तिच्या मुळाशी हे हस्तकौशल्य होते. पावसाळ्यात मुंबईच्या परिसरात भरणारी मान्सून स्कूटर रॅली हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण.

या कौशल्याची लेखी नोंद नाही. कारखान्याचा नमुना आराखड्यांत, सुट्या भागांच्या याद्यांत, जाहिरातींत शंभर ठिकाणी सुरक्षित आहे. पोर्ट किती घासला, हे मात्र त्या एका सिलिंडरच्या पोटातच लिहिलेले असते.

आणि नेमका तोच सिलिंडर जीर्णोद्धारात प्रथम जातो. कारणही उघड आहे. रंग खरवडून पुन्हा देता येतो, पत्र्यात लांबी भरता येते. कानशीने गेलेले बीड मात्र परत येत नाही. म्हणून नाना पेठेतून नवा सिलिंडर-पिस्टन आणावयाचा, जुना भंगारात टाकावयाचा, जुन्या बाजारातून जुन्या धाटणीचा सायलेन्सर शोधावयाचा, अंगाला चकचकीत दुरंगी रंग द्यावयाचा, जागोजागी क्रोमचा मुलामा चढवावयाचा. मग ती 'मूळ रूपात' आली असे म्हणावयाचे. वस्तुतः त्या रंगात व त्या मुलाम्यात ती कारखान्यातून कधीच निघाली नव्हती. म्हणजे मालकाने केलेला फेरफार पुसला, कारखान्याचे रूपही आले नाही. आले ते एक तिसरेच, आजच्या आवडीचे रूप. संपादकाने पोथीतील पाठ गाळावा आणि त्या जागी आपलीच ओळ रचून घालावी, असा हा प्रकार आहे. असे संपादन आपण एखाद्या प्रबंधात खपवून घेतले नसते.

या प्रवृत्तीस कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे, आणि येथे प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. २०२१ साली केंद्र शासनाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'विंटेज' हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७२ मधील पहिल्या चेतक २०२२ पासून या वयास पोचल्या. मोठे काम झालेले नसावे ही अट, आणि आपादमस्तक नवी केलेली गाडी ती पुरी करते असे समजले जाते, यातील विनोद सोडून देऊ. परंतु परिणाम गंभीर आहे. ज्या गाडीत १९८० च्या दशकातील एखाद्या कारागिराचे काम आजही टिकून आहे, तिच्या मालकाला ते लपविणे किंवा नष्ट करणे हेच सोयीचे ठरते.

इंग्लंडमधील परिस्थिती तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात तेथील 'मॉड' तरुणांनी व्हेस्पा-लॅम्ब्रेटांना आरसे व दिवे लावून सजविले. १९६४ साली क्लॅक्टन व ब्रायटन येथील दंगलींमुळे ते वर्तमानपत्रांत गाजले. त्याच काळात काही विक्रेत्यांनी दुकानातच बदललेल्या गाड्या स्वतःच्या नावाने विकल्या. वॉटफर्डच्या आर्थर फ्रान्सिस यांची 'एस-टाइप' लॅम्ब्रेटा त्यांपैकी प्रसिद्ध आहे. आज तेथे अशी गाडी कारखान्याच्या रूपात परत नेणे हा जाणकार अपराधच समजतील. तिचे मूल्यच त्या फेरफारात आहे. हा फरक इंग्रज जाणकाराच्या सूक्ष्म दृष्टीमुळे पडलेला नाही. तेथे फेरफाराला नाव होते, जाहिरात होती, मासिकांतून छापलेले वर्णन होते. आपल्याकडे कारागीर कानस बाजूला ठेवून पुढच्या गाडीकडे वळला. लिखित परंपरेस मान आणि मौखिक परंपरेस पुसून टाकणे, हा भेद आपल्या अभ्यासक्षेत्रात पुष्कळदा दिसतो. तो येथे बीड व पत्रा यांच्या रूपाने पुन्हा भेटतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, असा प्रत्येक फेरफार हेतुपुरस्सर केलेला नसतो. पुष्कळसा निव्वळ अज्ञान व काटकसर यांचा परिणाम असतो. हे खरे आहे. लेखनिकाचा हस्तदोष आणि जाणीवपूर्वक केलेला पाठभेद यांत विवेक केलाच पाहिजे. परंतु तो करण्याचे साधन यंत्रातच आहे. पोर्टच्या दोन्ही बाजू समान घासलेल्या, कडा गुळगुळीत केलेल्या, हेड त्या मानाने कमी केलेले व जेट त्या मानाने वाढविलेला, असा आंतरिक मेळ आढळला तर ते रचनेचे लक्षण समजावे. एकच गोष्ट बदललेली व बाकीची तिच्याशी विसंगत असेल, तर तो दोष. तो काढण्यास हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाडी ही पोथी नव्हे. ती रस्त्यावर जाते. कारखान्याच्या वेगासाठी बनविलेले ड्रम-ब्रेक वाढविलेल्या वेगास पुरत नाहीत, आणि आठवण म्हणून कोणी आपला जीव धोक्यात घालावा असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. चालवावयाच्या गाडीत नवा सिलिंडर घालणे पूर्णपणे समर्थनीय आहे. आक्षेप घालण्यावर नाही, टाकण्यावर आहे. विष्णु सीताराम सुखठणकर व त्यांच्यानंतरचे संपादक यांच्या संपादनाखाली भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले व सर्व पर्वे १९६६ पर्यंत. तीत संहितेतून वगळलेला मजकूरही तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवला आहे. कोणी हस्तलिखित जाळले नाही. जीर्णोद्धाराची अडचण ही की येथे आवृत्ती आणि हस्तलिखित एकच असते. आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखित नाहीसे होते. म्हणून स्कूटरच्या संपादकावर ग्रंथाच्या संपादकापेक्षा अधिक जबाबदारी येते, कमी नव्हे.

आकुर्डीतील वाहननिर्मिती २००७ साली थांबली. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बनविणेच सोडल्याचे जाहीर केले. २०२० साली चेतक हे नाव परत आले, परंतु विजेच्या गाडीवर, जिला पोर्टही नाहीत व जेटही नाही. ज्यांनी तरुणपणी पोर्ट घासले ते कारागीर आता वृद्ध होत आहेत. त्यांची परिभाषा, मापे सांगण्याची त्यांची रीत, एखादे इंजिन केवळ आवाजावरून ओळखण्याचे त्यांचे निकष यांचा संग्रह करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. त्यास मोठा निधी लागत नाही. प्रत्येक गाडीमागे चार गोष्टी टिपाव्यात : सिलिंडरच्या वरच्या कडेपासून पोर्टचे अंतर, हेडची जाडी, जेटचा क्रमांक, आणि तेलाचे प्रमाण कारागिराने ज्या शब्दांत सांगितले ते त्याच शब्दांत. मालकांपाशीही एवढेच मागावे की काढलेला सिलिंडर भंगारवाल्याकडे देऊ नये; त्याच्या बुडाशी गाडीचा क्रमांक ठोकून तो माळ्यावर ठेवावा. कोणत्याही गॅरेजात हे काम पाच मिनिटांचे आहे.