युडेव्हची नियमभाषा : एक चिकित्सा

संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की हार्डवेअरविषयीची सेटिंग्ज नाहीशी होतात, ही लिनक्स प्रणालीच्या वापरकर्त्यांची जुनी तक्रार आहे. मूल्य कोठे तरी लिहून ठेवले म्हणजे प्रश्न सुटला, असे सामान्यतः मानले जाते. हे निदान अपुरे आहे. ते मूल्य ज्या वस्तूला लागू करावयाचे, ती वस्तू पुन्हा ओळखता येणे, हा या प्रश्नाचा खरा गाभा होय. आणि म्हणूनच तो जितका यंत्राचा, तितकाच भाषेचाही आहे.

२००३ च्या अखेरीस आलेल्या कर्नलच्या २.६ या आवृत्तीत 'सिसएफएस' ही रचना अवतरली. तिच्यातील फाइली डिस्कवर नसतात. कर्नलच्या त्या त्या क्षणीच्या अवस्थेची ती केवळ दर्शने असतात. तेथे एखादा आकडा लिहिणे म्हणजे नोंद करणे नव्हे, आज्ञा करणे होय. संगणक बंद झाला की त्या आज्ञेचा अंमल संपतो. यावर उपाय म्हणून तीच आज्ञा प्रारंभी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवण्याची रूढी पडली. तथापि या उपायात दोन उणिवा आहेत. एक म्हणजे, स्क्रिप्ट चालून गेल्यावर जोडलेल्या डिस्कपर्यंत ती आज्ञा पोचतच नाही. दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे डिस्का ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने दिली जातात. दिसायला ती विशेषनामे असली, तरी त्यांचा स्वभाव 'ही' आणि 'ती' या दर्शक सर्वनामांचा आहे. रीबूटनंतर 'एसडीबी' म्हणजे दुसरीच डिस्क असू शकते; मग मूल्य टिकते, पण ते भलत्याच वस्तूवर जाऊन बसते.

२००३ मध्येच ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पुढे आणलेल्या आणि २०१२ मध्ये सिस्टमडी प्रकल्पात विलीन झालेल्या युडेव्हचे महत्त्व येथे कळते. त्याने आज्ञेचा नियम केला. अमुक लक्षणाची वस्तू जेव्हा जेव्हा प्रकट होईल, तेव्हा तेव्हा तिच्याबाबत अमुक करावे, असे त्याच्या वाक्याचे रूप आहे. अनुक्रमांक, उत्पादकाचा संकेत, जोडणीचे स्थान अशा लक्षणांनी वस्तूचा निर्देश होतो. क्रमाकडून लक्षणाकडे झालेला हा प्रवास निःसंशय प्रगतीचा आहे.

परंतु ही नियमभाषा निर्दोष नाही. तिच्यात '==' हे चिन्ह लक्षण पडताळते, तर '=' हे चिन्ह मूल्य देते. वस्तूच्या गुणधर्मांच्या बाबतीत ही दोन्ही चिन्हे व्याकरणशुद्ध ठरतात. समजा, डिस्क फिरत्या तबकडीची असेल, म्हणजे तिच्या संबंधित गुणधर्माचे मूल्य १ असेल, तर तिला विशिष्ट शेड्युलर लावावा, असा नियम आहे. लिहिताना एक चिन्ह गळले, तर अट नाहीशी होते आणि त्या नियमाच्या कक्षेत येणारी प्रत्येक डिस्क, एसएसडीसुद्धा, 'फिरती' म्हणून घोषित होते. वर्णनाचे रूपांतर विधीत होते आणि वाक्य मात्र शुद्धच राहते. विधान व विधी यांतील भेद एका रेषाद्वयावर सोपविणे हा या भाषेचा मोठा दोष म्हणावा लागतो.

दुसरा दोष बलाबलाचा. नियमांच्या फाइली नावाच्या वर्णक्रमाने वाचल्या जातात. एकाच गुणधर्माला दोन नियमांनी मूल्य दिल्यास नंतरचे उरते. पाणिनीय परंपरेतही परसूत्राला बळ आहे. पण तेथे अपवाद उत्सर्गाहून बलवान मानला जातो, मग तो कोठेही असो. युडेव्हला अपवाद ही संकल्पनाच ठाऊक नाही. एकाच डिस्कसाठी '५०' ने आरंभ होणाऱ्या फाइलीत लिहिलेला नेमका नियम '६०' ने आरंभ होणाऱ्या फाइलीतील सरसकट नियमापुढे निष्फळ ठरतो. विशेषाचे रक्षण येथे अर्थ करीत नाही. फाइलीच्या नावातील आकडा करतो.

शिवाय प्रत्येक लक्षण सारखेच स्थिर नसते. २०१३ पासून सिस्टमडीने नेटवर्क कार्डांना जोडणीच्या स्थानावरून नावे देण्याची पद्धत आणली. 'ईटीएच०' या क्रमदर्शक नावाहून ती सरस खरी. पण नवे कार्ड बसवल्याने बसचे क्रमांक सरकले, तर तीही नावे बदलतात. स्थान हा वस्तूचा पत्ता आहे, ओळख नव्हे.

एतावता, जे सेटिंग टिकवावयाचे त्याचा नियम लिहिताना पहिला विचार मूल्याचा नव्हे, निर्देशाचा व्हावा. वस्तूविशेषासाठी अनुक्रमांक, जागेसाठी स्थान आणि वर्गासाठी गुणधर्म, असा विवेक लिहिणाऱ्याला करावा लागतो. युडेव्हने त्यासाठी शब्दसंपत्ती पुरेशी दिली आहे. विवेकाला आधार देणारे व्याकरण मात्र अद्याप दिलेले नाही.