'नाविन्यता' की 'नवप्रवर्तन'? : एका संज्ञेची चिकित्सा

लघुउद्योगांतील नव्या प्रकल्पांच्या व्यवस्थापनाविषयी मराठीत जे विवेचन होते, त्यात 'नाविन्यता' हा शब्द आता रूढ झाला आहे. व्याकरणदृष्ट्या तो सदोष होय. 'नवीन' या विशेषणापासून 'नावीन्य' हे भाववाचक नाम सिद्ध झाल्यावर त्यास पुन्हा 'ता' हा प्रत्यय जोडण्याचे प्रयोजन उरत नाही. परंतु प्रश्न केवळ शुद्धाशुद्धतेचा नाही. हा शब्द वस्तूच्या गुणाचा वाचक आहे, कृतीचा नव्हे. आणि व्यवस्थापन गुणाचे होत नसते, कृतीचे होते.

जोसेफ शुम्पीटर यांनी आपल्या 1911 च्या ग्रंथात नवी कल्पना सुचणे आणि ती व्यवहारात उतरविणे यांत स्पष्ट भेद केला. चालना देणे हा अर्थ वाहणारी 'नवप्रवर्तन' ही संज्ञा या भेदाशी अधिक जुळते.

या भेदाचे मोल लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या लोखंडी नांगरावरून कळते. 1903 मध्ये बेळगावी नांगर तयार झाला, तेव्हा नावीन्य पूर्ण झाले होते. तथापि लोखंडाने जमीन नासते या समजामुळे पहिले 40 नांगर विकण्यास सुमारे 2 वर्षे लागली. लहान कारखान्याची खरी कसोटी या दोन वर्षांत होती. कारण माल पडून असला तरी खर्च थांबत नाही.

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा या ऊस पिकविणाऱ्या गावीही हाच हिशेब लागू पडतो. 1968 मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ याच तालुक्यात असल्याने तेथील एखाद्या छोट्या कारखानदारास नव्या औजाराची कल्पना दूर शोधावी लागणार नाही. लोखंड व मजुरी यांचा अंदाजही तो करील. शेतकऱ्याचा विश्वास बसेपर्यंतचा काळ मात्र त्या अंदाजपत्रकात सहसा येत नाही, कारण 'नाविन्यता' हा शब्द 'नवे काय?' एवढेच विचारतो. 'कोण वापरील, आणि केव्हा?' हे विचारीत नाही.

अर्थात 'नवप्रवर्तन' ही संज्ञाही निर्दोष नाही. तीत प्रवर्तक दिसतो, परंतु स्वीकारणारा दिसत नाही. वस्तुतः शेतकऱ्याचा नकार हीसुद्धा माहितीच असते. किर्लोस्करांच्या कारखान्याने 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मुखपत्र सुरू केले, यावरून यंत्राइतकीच संवादाची गरज त्यास उमगली होती असे म्हणावे लागते. तात्पर्य, संज्ञा कोणतीही योजावी. तिच्यात ग्राहकाच्या प्रतीक्षेचा काळ गृहीत धरलेला नसेल, तर तिच्या आधारे केलेले नियोजन अपुरेच राहील.