'दुप्पट' म्हणजे किती?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना पत्राने एक इशारा दिला. संततिनियमनाच्या ज्या संयुक्त गोळ्यांत डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असते, त्यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या जुन्या गोळ्यांच्या सुमारे दुप्पट असतो, असा तो इशारा होता. वर्तमानपत्रांनी 'दुप्पट' हा शब्द तेवढा उचलला. अनेक स्त्रियांनी घाबरून गोळ्याच सोडल्या. १९९६ साली इंग्लंड व वेल्समधील गर्भपातांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे १३,०००ने वाढली. सगळी वाढ या इशाऱ्यामुळेच झाली असे म्हणता येणार नाही. पण त्याचा काहीच संबंध नव्हता असे म्हणणेही कठीण आहे.

मुळात तुलना करण्यात गैर काही नव्हते. दोन्ही प्रकारच्या गोळ्यांत इथिनिल इस्ट्रॅडिऑल हेच इस्ट्रोजेन असते. फरक असतो तो प्रोजेस्टोजेन या दुसऱ्या संप्रेरकाचा. मात्र तुलना न्याय्य व्हायची तर गोळी घेणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही गटही सारखे हवेत. गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो. नवी गोळी नुकतीच सुरू करणाऱ्या स्त्रिया आणि जुनी गोळी वर्षानुवर्षे विनातक्रार घेणाऱ्या स्त्रिया यांची तुलना योग्य नव्हे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो रास्तच होता. तथापि पुढील अभ्यासांतही फरक दिसत राहिला, हेही सांगितले पाहिजे.

आमचा आक्षेप आहे तो निष्कर्ष सांगण्याच्या रीतीवर. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये दिलेले आकडे पाहा. गरोदर नसलेल्या व गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाला २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, तर डेसोजेस्ट्रेल वा जेस्टोडीनची गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना होते. म्हणजे धोका जवळजवळ दुप्पट हे खरे. पण जादा रुग्ण दहा हजारांत चार-पाच! शिवाय गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हाच धोका गोळीच्या धोक्यापेक्षा अधिक असतो. दुसरे साधन न वापरता गोळी सोडणारी स्त्री लहान धोका टाळून मोठ्या धोक्याकडे जात होती. ही गोष्ट तिला कोणी नीट सांगितली नाही.

आपल्याकडील 'माला-डी'मध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेलच असते. कोणती गोळी कोणी घ्यावी, हे डॉक्टरांनी ठरवावे. शिक्षकांनी मात्र वरील आकडे फळ्यावर मांडून टक्केवारीच्या तासाला जरूर वापरावेत. यापुढे 'दुप्पट' असे वाचले की विद्यार्थ्याने 'कितीच्या दुप्पट?' असे विचारावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.