पार्थेनॉन : युद्धस्मृती आणि पुराणकथा
इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस जाळले. त्यात अथेनादेवीचे अपुरे मंदिरही गेले. त्याच्या स्तंभांचे दगड उत्तर तटात आजही दिसतात. त्याच वाढवलेल्या जोत्यावर इ.स.पू. ४४७ पासून पार्थेनॉन उभारले गेले. मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच्या चौकटशिल्पांत पर्शियन प्रत्यक्ष नाहीत. आहेत ते दैत्य, सेंटॉर, अ‍ॅमेझॉन आणि ट्रॉय. याउलट इ.स.पू. ४७२ मध्ये ईस्किलसने ‘पर्शियन्स’मध्ये पराभूत शत्रूचा विलापच रंगभूमीवर आणला, आणि त्या प्रयोगाचा खर्च तरुण पेरिक्लीसनेच उचलला होता! हा फरक केवळ माध्यमाचा मानणे भाबडेपणाचे ठरेल. दरम्यान, इ.स.पू. ४५४ मध्ये, पर्शियाविरुद्ध उभारलेल्या संघाचा खजिना डेलोसहून अथेन्सला आला होता. मित्रराज्यांच्या या पैशातून नगर सजवण्यास झालेला विरोध प्लुटार्कने नोंदवला आहे.